महाचीनच्या कूर्माची मान

आकाशाचे खांब जेव्हा नुकतेच रोवले गेले होते, नद्यांनी आपापली पात्रे अजून पुरती ठरवली नव्हती आणि देव दिवसाउजेडी पृथ्वीवर उतरून माणसांना जाब विचारीत असत, त्या आद्य युगात, हिमालयाच्या पलीकडे पसरलेल्या महाचीन देशात, पीतनदीच्या तीरी घडलेली ही कथा आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुराण म्हटले की शेवटी पुष्पवृष्टी झालीच पाहिजे असा ज्यांचा हट्ट असेल, त्यांनी खुशाल उठून जावे. माझा राग नाही.

आपल्याकडे देवळात शिरताना पायाशी दगडी कासव असते. त्याच्याकडे बोट दाखवून शास्त्रीबुवा सांगतात, कासव जसे अवयव आत घेते तशी माणसाने इंद्रिये आवरावीत. तीस वर्षे मीही हेच सांगत आलो. महाचीनात मात्र उलटा प्रकार. तिथे राजेलोकांच्या समाध्यांपुढे दगडी कासव असते, त्याच्या पाठीवर पुरुषभर उंचीची कोरीव शिळा असते, आणि त्याची मान आत नसते, चांगली हातभर बाहेर ताणलेली असते. दीर्घायुष्य हवे म्हणून लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. आणि त्याच देशात भर बाजारात एखाद्याला नुसते 'कासव' म्हणून पाहा, तो जोडा काढून तुमच्या मागे लागेल. एकाच प्राण्याच्या वाट्याला ही पूजा आणि ही शिवी कशी आली, ते आता सांगतो.

पीतनदी पर्वत सोडून जिथे मैदानात उतरते, तिथे देवदारूंच्या निबिड छायेत एक सरोवर होते. त्याच्या काठच्या शिळांवर हंस आणि सारस निर्भयपणे पंख वाळवीत, हरणे व्याघ्राच्या शेजारी पाणी पीत, आणि पद्मपत्रांवरचे दवबिंदू माध्यान्हीपर्यंत सुकत नसत. त्या सरोवराच्या तळाशी छांगमिंग नावाचा एक महाकूर्म तीन सहस्र वर्षे तप करीत होता. त्याच्या पाठीवर शेवाळाची कुरणे वाढली होती आणि त्याच्या श्वासोच्छ्वासाबरोबर सरोवराचे पाणी चढत नि उतरत असे. ते उग्र तप पाहून आकाशाधिपती शांगती स्वतः मेघरथातून उतरला आणि म्हणाला, "हे तपोनिधे, वर माग."

छांगमिंग म्हणाला, "देवाधिदेवा, जरेने, शस्त्राने, अग्नीने वा आणखी कशानेही मला मरण येऊ नये. आणि माझ्या कवचावर जे उमटेल ते सत्यच असावे, ते तुलाही बदलता येऊ नये."

शांगती क्षणभर घुटमळला. "मरण नको असे तू मागितलेस," तो म्हणाला, "वेदना नको असे मागितले नाहीस. अजून वेळ आहे, विचार कर."

तळ्याच्या थंडगार पाण्यात ज्याने तीन हजार वर्षे काढली, त्याला वेदनेचे काय कळणार? छांगमिंग हसला आणि म्हणाला, "मागितले तेवढे पुरे आहे." शांगतीने "तथास्तु" म्हटले आणि तो निघून गेला.

पुढे शंभर वर्षांनी पीतनदीला महापूर आला. गावेच्या गावे, गुरेढोरे, धान्याची पेवे, सारे त्या पिवळ्या पाण्यात गडप झाले. त्या पुरात एक टोपली वाहत आली, तिच्यात तान्हे मूल होते. छांगमिंगाने तपोभंग पत्करला, पाण्यावर आला आणि ते मूल पाठीवर घेऊन नऊ दिवस नऊ रात्री पोहत राहिला. सारसांनी चोचीतून आणलेले पाणी आणि मध यांवर ते मूल जगले. पूर ओसरल्यावर त्याने ते एका कोळ्याच्या दारात सोडले. ते मूल कोणाचे, कोणत्या कुळीचे, हे त्याने विचारलेसुद्धा नाही. एवढे ध्यानात ठेवा, कारण शेवटी सगळे यावरच येऊन ठेपणार आहे.

त्या मुलाचे नाव वेनशी. तो मोठा होऊन राजदैवज्ञ झाला. त्या राज्यातली दैवज्ञाची रीत जरा समजून घ्या. कासव मेले की त्याच्या पोटाकडचे कवच सोलून घासूनपुसून ठेवीत. राजाला काही विचारायचे झाले, की दैवज्ञ त्या कवचाला आतून काशाच्या टोकणीने खड्डा पाडी, खड्ड्यात काट्याच्या लाकडाचा निखारा धरी, आणि तडतड आवाज होऊन पलीकडे जो तडा उमटे त्यावरून पितरांचे उत्तर वाची. एवढ्यावर ते भागत नसे. वाचलेले उत्तर तो अक्षरांनी कोरून ठेवी आणि त्याच्या खाली थोडी जागा कोरी सोडी. पुढे जे खरोखर घडे, ते त्याच हाताने त्या कोऱ्या जागेत कोरायचे. खरे ठरले तरी कोरायचे, खोटे ठरले तरी कोरायचे. असा कडक कायदा होता.

आपल्याला कोणी वाचवले हे कोळ्याकडून कळल्यापासून वेनशी वर्षातून एकदा सरोवरावर जाई, काठावर बसून छांगमिंगाला 'आजोबा' म्हणून हाक मारी आणि त्याच्या मस्तकाला आपले कपाळ टेकवी. दैवज्ञाची टोकणी हातात घेतली त्या दिवशी त्याने पाण्यात उभे राहून शपथ घेतली होती, "आजोबा, साऱ्या जगाच्या कासवांची कवचे मी जाळीन, पण तुम्ही कुठे आहात हे माझ्या तोंडून कधी निघणार नाही."

तेव्हा त्या देशावर युंगते नावाचा राजा राज्य करीत होता. शत्रूंच्या मुंडक्यांच्या राशी घालणारा, सात नद्यांच्या मुखांवर आपले ध्वज रोवणारा, ज्याच्या रथचक्रांच्या घरघराटाने गर्भिणींचे गर्भ गळावेत असा हा पराक्रमी पुरुष, एका सकाळी आरशात आपल्या दाढीतला पांढरा केस पाहून गर्भगळीत झाला. इतरांना मारताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्याची स्वतःच्या मरणाच्या नुसत्या कल्पनेने पाचावर धारण बसली. मला अशा शूरांची भारी गंमत वाटते. त्याने दैवज्ञांना बोलावून एकच प्रश्न घातला, "मी किती जगेन?" पहिल्याने तडा वाचून सांगितले, "उत्तर अस्पष्ट आहे, महाराज." त्याला राजाने जिवंत पुरले. दुसऱ्याने सांगितले, "थोडे." त्यालाही पुरले. तिसऱ्याने शहाणपणा करून "पुष्कळ" म्हटले, तेव्हा "हा तोंडपुजा आहे" असे म्हणून त्यालाही त्याच खड्ड्याशेजारी पुरले.

चौथा वेनशी. राजा त्याला म्हणाला, "दैवज्ञा, मेलेल्या कासवांना जिवंत राजाचे काय कळणार? ज्याचे सांगणे खोटे ठरूच शकत नाही असे कवच आण. नाहीतर चौथा खड्डा खणून तयार आहे."

वेनशीला त्या खड्ड्यापाशी नेऊन उभे केले. खाली ओली माती होती आणि शेजारच्या खड्ड्यावरची माती अजून बसली नव्हती. त्याने ती पाहिली. शपथ आठवली नाही असे नाही, चांगली आठवली. पण जीव मुठीत धरलेल्या माणसाच्या मुठीत दुसरे काही मावत नाही. तो म्हणाला, "महाराज, असे एक कवच आहे. मी जागा दाखवतो."

चाळीस सैनिकांनी सरोवराचा बांध फोडला. पाणी वाहून गेले, पद्मे चिखलात लोळली, सारस उडून गेले ते पुन्हा आले नाहीत. दोरखंडांनी बांधून छांगमिंगाला राजधानीत आणले आणि राजप्रासादापुढच्या चौकात उताणे पाडले. उताणे पडलेल्या कासवाची काय दैना होते ते तुम्ही पाहिले असेल, मी वर्णन करीत नाही.

वेनशी टोकणी घेऊन पुढे आला. त्याला वर बघवेना. "आजोबा," तो हळूच म्हणाला, "मला पुरणार होते."

छांगमिंग म्हणाला, "होय, ऐकले मी. तुझे हात थंड आहेत. नीट धर, घसरलास तर दोघांनाही लागेल."

जिवंत कवचात खड्डा पाडायला सूर्योदयापासून माध्यान्ह झाली. नंतर निखारा लावला. मरण न येण्याचा वर नसता तर छांगमिंग त्या पहिल्या निखाऱ्यालाच सुटला असता. वर होता, म्हणून तो सुटला नाही. त्याचा आक्रोश ऐकून चौकातले घोडे दावी तोडून पळाले. राजा मात्र आसनावर पुढे वाकून ऐकत होता. अखेर तडा उमटला. वेनशीने तो पाहिला. तड्याचा अर्थ स्वच्छ होता: या शरदात, बोरी पिकतील तेव्हा, राजा युंगते मरेल.

"वाच," राजा म्हणाला.

वेनशीच्या मनात त्या घटकेला एक युक्ती आली, आणि ती त्याला फार सुंदर वाटली. तीत त्याचा स्वतःचा जीव वाचत होता आणि आजोबांचाही छळ थांबत होता. गुडघे टेकून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराजांचा जयजयकार असो. जोवर या कूर्माच्या पाठीचे कवच अभंग आहे, तोवर महाराज युंगते जिवंत आहेत."

छांगमिंगाला आपल्या अंगावर काय उमटले आहे ते ठाऊक होते. एका शब्दाने त्याला तो असत्यवादी उघडा पाडता आला असता. पण खाली वाकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यात त्याला टोपलीतले तान्हे मूल दिसले आणि तो गप्प राहिला. लेकराला वाचवण्यासाठी गप्प राहणे यात काय पाप आहे, असे त्याला वाटले. मलाही तसेच वाटले असते.

राजाचा आनंद गगनात मावेना. त्याने वेनशीला रेशमी वस्त्रे दिली, आपल्या हाताने मद्याचा चषक पाजला. आणि मग तो विचार करू लागला. कवच अभंग राहिले पाहिजे. पण कासव चालते, चालताना ते कड्यावरून पडेल. पाण्यात गेले तर कोणी शत्रू त्याच्यावर दगड टाकील. "या कूर्मश्रेष्ठाने," राजा म्हणाला, "यापुढे एक पाऊलही हलता कामा नये."

असा विचार या राजाच्या डोक्यात येईल, हे वेनशीला सुचायला हवे होते. नाही सुचले. राजाने पर्वतातून सहा हात उंचीची काळी शिळा आणवली, छांगमिंगाला सुलटे करून चौकाच्या मधोमध बसवले आणि ती शिळा त्याच्या पाठीवर उभी केली. तिचा भार एवढा की त्याचे चारी पाय घोट्यापर्यंत फरशीत रुतले आणि भाजलेले पोट खालच्या दगडावर टेकले. मग त्या शिळेवर वेनशीला स्वतःच्या हाताने भाकित कोरावे लागले: 'कूर्माच्या पाठीचे कवच जोवर अभंग, तोवर राजा युंगते चिरंजीव.' आणि रीतीप्रमाणे त्याने खाली थोडी जागा कोरी ठेवली.

उन्हाळा गेला, वर्षा गेली. शेकडो मांडलिक येत, त्या शिळेपुढे लोटांगण घालीत आणि दीर्घायुष्य मागून परत जात. छांगमिंगाला तहान लागे, पण तहानेने मरण नव्हते. भाजलेले पोट चिघळे, पण त्यानेही मरण नव्हते. वेनशी पहिल्या महिन्यात दररोज यायचा, पाणी आणायचा, रडायचा. दुसऱ्या महिन्यात आठवड्याने येऊ लागला. पुढे राजाच्या पंक्तीला बसण्याचा मान मिळाल्यावर तो दुसऱ्या दाराने जाऊ लागला, कारण चौकातून जाताना त्याला जेवण जात नसे. छांगमिंग मान वळवून त्या दुसऱ्या दाराकडे पाहत असे. तीन हजार वर्षांच्या तपाने त्याचे मन जेवढे निर्विकार झाले नव्हते, तेवढे त्या चार महिन्यांत कठीण झाले.

शरद ऋतू आला. बोरी लाल झाल्या, आणि त्याच सप्ताहात राजा रक्त ओकला. वैद्यांनी नाडी पाहून माना खाली घातल्या. राजाने पालखी चौकात आणवली, कूर्माच्या कवचावरून बोटे फिरवली, मशाली धरून एकेक खवला तपासला. एवढाही ओरखडा नव्हता. मग त्याने वेनशीला बोलावले.

"कवच अभंग आहे," राजा म्हणाला, "आणि मी मरतो आहे. कोऱ्या जागेत काय कोरायचे ते तुला ठाऊक आहे. कोर."

वेनशीने टोकणी घेतली. एकेक अक्षर कोरायला त्याने घटका लावली. त्याने कोरले: 'हे खोटे होते.' स्वतःचा मृत्युलेख स्वतःच्या हाताने, तोही सुबक अक्षरात, कारण वाईट कोरायची त्याला सवयच नव्हती.

शिळेपासून दोन पावलांवर, कूर्माच्या अगदी तोंडासमोर, खड्डा खणला. वेनशीला त्यात कंबरेपर्यंत पुरले. तेव्हा त्या मरणोन्मुख राजाला शेवटचा एक खेळ सुचला. तो म्हणाला, "हा तुझा आजोबा ना? ठीक. या पुण्यश्लोक कूर्माने मान पुढे करून तुझ्या कपाळाला कपाळ लावले, तर मी समजेन की त्याने तुला अभय दिले. तुला सोडीन. राजा मरताना खोटे बोलत नाही."

वेनशी हात जोडून वाकता येईल तेवढा पुढे वाकला. दोघांच्या कपाळांमध्ये हातभर अंतर राहिले. "आजोबा," तो म्हणाला, "मी तुमचा घात केला. मी तुमच्यासमोरून जायचे टाळले. ते सगळे खरे आहे. पण मला माती घालताहेत. मान तेवढी पुढे करा. अजून हातभर."

छांगमिंगाने त्याच्याकडे पाहिले. मग त्याने हळूहळू आपली मान आत ओढून घेतली.

माती छातीपर्यंत आली, तेव्हाही वेनशी "आजोबा" म्हणत होता. ती हनुवटीला लागली तेव्हा तो नुसता "हातभर" म्हणत होता. नंतर मातीखालून काही वेळ ऐकू येत राहिले, आणि कवचाच्या आत, अंधारात, ते स्पष्ट ऐकू येत होते. राजा समाधान पावून पालखीत टेकला आणि सूर्यास्तापूर्वी मेला. तड्याने सांगितले होते तसेच झाले, पण ते कोरून ठेवायला आता दैवज्ञ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आकाश दुभंगले आणि शांगती खाली उतरला. छांगमिंगाने मान बाहेर काढली आणि तो म्हणाला, "देवा, न्याय कर. ज्याला मी वाचवले त्याने मला विकले. माझी वेदना तू पाहिली आहेस."

"पाहिली आहे," शांगती म्हणाला. "ती तुझ्याच वरातून आली, ती काढून घेणे माझ्या हाती नाही. मी विचारायला आलो आहे ते वेगळेच. जे मूल तुला ओळखत नव्हते, त्याच्यासाठी तू नऊ दिवस नऊ रात्री पोहलास. आणि जो तुला आजोबा म्हणत होता, त्याच्यासाठी तुला हातभर मान काढवली नाही?"

"तो विश्वासघातकी होता."

"होता. म्हणून तर तुझ्याशिवाय त्याला कोणी नव्हते."

तेव्हा शांगतीने शापवाणी उच्चारली. "कूर्मा, ऐक. तुझे दीर्घायुष्य तुझेच राहील, आणि लोक ते तुझ्याकडे मागत राहतील. तुझ्या पाठीवरची शिळाही राहील. राजामागून राजा आपले नाव कोरून ते तुझ्यावर लादेल, ती नावे पावसाने झिजतील आणि तू मात्र झिजणार नाहीस. परंतु आपल्या माणसाची अब्रू आणि जीव डोळ्यांदेखत जात असता जो मान आत घेईल, त्याला या देशातले लोक तुझ्या नावाने हाक मारतील, आणि ते नाव ऐकून त्याची बायकामुलेही खाली पाहतील. आणि शेवटचे ऐक. काल तू जी मान आत घेतलीस, ती यापुढे तुला कधीही आत घेता येणार नाही."

एवढे बोलून शांगती मेघांत नाहीसा झाला, आणि छांगमिंगाचे शरीर नखांपासून मस्तकापर्यंत दगड झाले. जीव मात्र त्यात तसाच राहिला, असे म्हणतात.

तेव्हापासून त्या देशातले पाथरवट समाधीपुढचे कासव घडवतात ते मान ताणलेलेच घडवतात. का, असे विचारले तर म्हणतात, परंपरा आहे. लोक येतात, गुळगुळीत झालेल्या त्या डोक्यावरून हात फिरवतात, म्हाताऱ्या आईबापांसाठी आयुष्य मागतात आणि घरी जातात. युंगतेची शिळा आता पार झिजली आहे. त्याचे नाव गेले, चिरंजीवपण गेले, 'हे खोटे होते' हीसुद्धा अक्षरे गेली. समोर दोन पावलांवर सपाट जमीन आहे आणि तिच्यावर गवत उगवले आहे. आणि ते कासव अजून, जेवढी जाईल तेवढी मान लांब करून, त्या गवताच्या दिशेने हातभर पुढे झुकले आहे.